वाढीला किती, सुरक्षेला किती?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत या वाचक धोरण विभाग सांभाळतात. कंपनीवर कर्ज नावापुरतं आहे, हाताशी चांगली रोकड आहे, पण निम्म्याहून जास्त विक्री एकाच ग्राहकाला होते. त्या ग्राहकाने आता दुप्पट माल मागितला आहे. तो पुरवायचा तर नवा कारखाना हवा आणि त्यासाठी मोठं कर्ज. विक्रीप्रमुखांचं म्हणणं, ही संधी गेली की परत येणार नाही. वित्तप्रमुखांचं म्हणणं, राखून ठेवलेल्या रोकडीला हात लावायचा नाही. संचालक मंडळाने ‘वाढ आणि सुरक्षा यांचा समतोल साधणारा’ दहा वर्षांचा आराखडा मागितला, तेव्हा त्यांनी उपलब्ध पैशातले ७० टक्के विस्ताराला आणि ३० टक्के जोखमीपासून संरक्षणाला, असा प्रस्ताव ठेवला. तो दोघांनाही पटला नाही. विक्रीप्रमुख तर भर बैठकीत त्यांना ‘घाबरट’ म्हणाले. त्या विचारतात, योग्य प्रमाण नेमकं किती? आणि मी खरंच घाबरट आहे का?

नमस्कार,

७०-३० चुकलं, ६०-४० हवं होतं, असं उत्तर मी देणार नाही. माझ्या मते अडचण आकड्याच्या आधीच सुरू झाली आहे. वाढ आणि सुरक्षा या एकाच थैलीतून वाटून घ्यायच्या गोष्टी आहेत, एकीला जास्त दिलं की दुसरीला कमी पडणार, हे तुम्ही तिघांनीही धरून चाललेलं आहे. तुमचं भांडण फक्त वाट्याचं आहे. पण हे गृहीतक खरं आहे का, ते आधी बघू या.

एक साधं गणित करा. समजा, एखादी कंपनी एका वर्षी ५० टक्क्यांनी वाढते आणि पुढच्या वर्षी ४० टक्क्यांनी आकसते. सरासरी काढली तर वर्षाला ५ टक्के वाढ, आणि सादरीकरणाच्या पडद्यावर ती चांगलीच दिसेल. प्रत्यक्षात १०० चे १५० झाले आणि त्यातले ४० टक्के गेले की हातात उरतात ९०. हेच चक्र दहा वेळा फिरलं, म्हणजे वीस वर्षं गेली, की १०० चे जेमतेम ३५ राहतात. सरासरी तरीही ५ टक्केच! दीर्घ पल्ल्याचा हिशेब बेरजेचा नसतो, गुणाकाराचा असतो. एका वर्षी निम्मं गमावलं तर पूर्वपदावर यायलाच दुप्पट व्हावं लागतं, आणि एकदा शून्य झालं की पुढे कितीही मोठ्या आकड्याने गुणलं तरी काही हाती लागत नाही.

म्हणजे दहा वर्षांच्या आराखड्यात मोठी घसरण टाळणं हे वाढीच्या विरोधातलं काम नाही. ते वाढीचंच काम आहे. तुमच्या विक्रीप्रमुखांना हे पटवायला अवघड जाऊ नये, कारण त्यांनाही दहाव्या वर्षीचा आकडा मोठा हवा आहे. आणि वित्तप्रमुखांनाही याच गणिताची दुसरी बाजू दाखवता येईल. १०० चे दरवर्षी १०० च राहिले, तर दहा वर्षांत बाजार पुढे जातो आणि आपण जागच्या जागी लहान होत जातो.

म्हणून मला विचाराल तर सुरक्षेला पैशातला वाटा देऊ नका, तिच्यासाठी एक सीमारेषा आखा. ‘या गोष्टी झाल्या तर कंपनी संपेल’ अशा गोष्टी आधी कागदावर उतरवा. त्या होऊ नयेत किंवा झाल्या तरी तग धरता यावा, एवढी तजवीज हवीच, तिच्यावर घासाघीस नाही. मग त्या रेषेच्या आत मात्र तुम्ही आज जितकं धाडस करताय त्याहून जास्त करा. तुमच्या ७०-३० मध्ये ते ३० टक्के कशापासून वाचवणार आहेत, हे पत्रात कुठेच आलेलं नाही. दोघंही नाराज झाले त्याचं कारण बहुधा हेच असावं. एकाला ते पैसे वाया गेलेले वाटले, दुसऱ्याला अपुरे, आणि दोघांकडेही मोजायला माप नव्हतं.

तुमची कंपनी कशाने बुडू शकते? नफा कमी झाल्याने कंपन्या लगेच बुडत नाहीत. देणी द्यायच्या दिवशी रोकड नसली की बुडतात. आणि जोरात वाढणाऱ्या कंपनीला हा धोका जास्त असतो, हे विक्रीच्या आलेखात दिसत नाही. तुमच्याच उदाहरणावर बघा. समजा, या ग्राहकाला महिन्याला १०० चा माल जातो आणि तो ६० दिवसांनी पैसे देतो. म्हणजे कुठल्याही दिवशी २०० त्याच्याकडे अडकलेले. आता माल दुप्पट झाला, अडकले ४००. त्यातच त्याच्या खरेदी विभागाने एक दिवस कळवलं की यापुढे पैसे ९० दिवसांनी मिळतील. ज्याच्यावर तुमचा कारखाना उभा आहे त्याला तुम्ही नाही म्हणू शकणार नाही. अडकले ६००. विक्री दुप्पट झाली आणि येणी तिप्पट. मधल्या काळात कच्च्या मालाचे पैसे, पगार आणि नव्या कर्जाचा हप्ता कोणासाठी थांबत नाही. हा एकच तक्ता महिन्यागणिक मांडून बैठकीत ठेवा. मला खात्री आहे, त्या दिवशीची चर्चा वेगळी होईल.

यातून एक गोष्ट लगेच दिसते. तुमचा सर्वांत मोठा धोका नवा कारखाना नाही, कर्जही नाही. तो आजच तुमच्या ताळेबंदात आहे, निम्म्याहून जास्त विक्री एकाच ठिकाणी. वित्तप्रमुख ‘काही करू नका, आपण सुरक्षित आहोत’ म्हणतात तेव्हा ते या धोक्यावरच बसलेले असतात. आणि विक्रीप्रमुखांची योजना जशीच्या तशी स्वीकारली तर हाच धोका दुप्पट होतो, वर कर्जाचं ओझं येतं. दोघांपैकी कोणाच्याही प्रस्तावात हा धोका कमी होत नाही. तुम्ही त्यांच्यामध्ये मध्यबिंदू शोधत राहिलात म्हणून हे निसटलं असावं.

एकच पैसा वाढीलाही आणि बचावालाही कसा उपयोगी पडतो, याचं मला सर्वांत पटणारं उदाहरण फोर्ड मोटर कंपनीचं आहे. २००६ च्या अखेरीस, बाजारात कर्ज सहज मिळत असताना, फोर्डने सुमारे २३ अब्ज डॉलरची कर्जाची व्यवस्था केली. त्यासाठी कारखानेच काय, आपलं निळं लंबगोल बोधचिन्हसुद्धा गहाण टाकलं. हे पैसे दोन कामांसाठी होते, नव्या गाड्या तयार करून कंपनीची फेररचना करायची आणि मंदी आलीच तर उशी म्हणून ठेवायचे. २००८ मध्ये पतपुरवठा गोठला. २००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या दोघांनाही दिवाळखोरीच्या न्यायालयात जावं लागलं, फोर्डला नाही. बोधचिन्ह सोडवून घ्यायला २०१२ उजाडलं, म्हणजे किंमत मोजावी लागलीच. पण गरज नसताना उभा केलेला पैसा गरजेच्या वेळी मिळाला नसता. अ‍ॅमेझॉनने फेब्रुवारी २००० मध्ये युरोपात ६९ कोटी युरोचे रोखे विकले. पुढच्याच महिन्यात इंटरनेट कंपन्यांच्या शेअरची घसरगुंडी सुरू झाली. तुमच्यासाठी यातला व्यावहारिक धडा असा, की बँकेशी बोलणी आज करा, ताळेबंद स्वच्छ आहे तोवर. न वापरलेली पण मंजूर झालेली कर्जमर्यादा ही राखीव रोकडीइतकी खात्रीची नसते, कारण बँक वाईट काळात ती आखडू शकते. पण ती असणं आणि नसणं यांत फार मोठा फरक आहे.

आता वित्तप्रमुखांच्या बाजूबद्दल थोडं कठोर बोलतो. सुरक्षेच्या नावाखाली केलेली प्रत्येक गोष्ट सुरक्षित असतेच असं नाही. १९९३ मध्ये मेटलगेझेलशाफ्ट या जर्मन उद्योगसमूहाच्या अमेरिकेतल्या उपकंपनीने ग्राहकांना दहा-दहा वर्षांपर्यंत ठरावीक भावाने इंधन पुरवण्याचे करार केले होते. भाव चढले तर नुकसान होईल म्हणून तिने वायदे बाजारात, म्हणजे पुढच्या तारखेच्या खरेदीचा भाव आजच ठरवणाऱ्या बाजारात, संरक्षण घेतलं, मात्र अल्प मुदतीचं, पुन्हापुन्हा पुढे ढकलत न्यायचं. वर्षाच्या शेवटी तेलाचे भाव पडले. करारांवरचा फायदा पुढच्या अनेक वर्षांत मिळणार होता, पण वायद्यांवरचा तोटा तिथल्या तिथे रोख भरायचा होता. समूहाला सुमारे १.३ अब्ज डॉलरचा तोटा झाला. घाईने व्यवहार बंद केले हीच चूक, की मुळात रचनाच चुकीची, यावर अर्थतज्ज्ञांत वाद झाला. आपल्यापुरता मुद्दा सरळ आहे. धोका दहा वर्षांचा आणि संरक्षण काही महिन्यांचं असलं, तर संरक्षणच रोकड खाऊ लागतं. कर्जाचंही तसंच आहे. पंधरा वर्षं चालणारी यंत्रं तीन वर्षांच्या कर्जावर घेऊ नका.

दुसरी फसवी सुरक्षा म्हणजे आजचा चालता धंदा जपत बसणं. कोडॅकच्या प्रयोगशाळेत १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा तयार झाला होता. जानेवारी २०१२ मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीपासून संरक्षण मागितलं. फिल्मचीच दुसरी मोठी कंपनी फुजीफिल्म मात्र फिल्म बनवताना कमावलेलं रसायनांचं ज्ञान घेऊन पडद्यांसाठी लागणारे पातळ थर, औषधं, सौंदर्यप्रसाधनं अशा क्षेत्रांत गेली आणि टिकली. रोकड तिजोरीत पडून राहिली की सुरक्षित वाटते, पण तुमच्या सुट्या भागांचीच गरज उद्या संपली तर ती रोकड फक्त शेवट लांबवेल. म्हणून दहा वर्षांच्या आराखड्यात छोट्या छोट्या प्रयोगांसाठी पैसा असायलाच हवा. वेगळा उद्योग, वेगळा ग्राहक, वेगळा धातू, काहीही. प्रत्येक प्रयोग एवढाच असावा की पूर्ण फसला तरी कंपनीला धक्का लागू नये आणि जमला तर त्यातून नवी शाखा निघावी. याला मी वाढही म्हणेन आणि विमाही.

विम्यावरून आठवलं. बऱ्याच कंपन्यांच्या जोखीम-तक्त्यात आग, चोरी, अपघात व्यवस्थित नोंदलेले असतात, त्यांचे हप्तेही वेळेवर भरले जातात, आणि ज्या गोष्टीने धंदा खरोखर थांबेल तिचा उल्लेखही नसतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! तुमच्याकडे असा एखादा पुरवठादार आहे का, जो थांबला तर दुसऱ्या आठवड्यात तुमची लाइन थांबेल? एखादा साचा, जो एकाच कारागिराला दुरुस्त करता येतो?

१७ मार्च २००० ला न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की इथे फिलिप्सच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात वीज पडल्यामुळे आग लागली. आग दहाएक मिनिटांत विझली, पण धूर आणि पाणी यांनी धूळविरहित खोल्या खराब झाल्या. नोकिया आणि एरिक्सन हे दोघंही तिथूनच मोबाइलच्या चिप घेत. दोघांनाही सुरुवातीला साधारण आठवडाभराचा उशीर होईल असं सांगण्यात आलं. एरिक्सनने ते मानून घेतलं. नोकियाने त्या भागांवर रोज नजर ठेवायला सुरुवात केली, आपली माणसं फिलिप्सकडे लावली आणि त्यांच्या दुसऱ्या कारखान्यांतली व इतर पुरवठादारांकडची क्षमता स्वतःकडे वळवली. एरिक्सनकडे काही महत्त्वाच्या भागांसाठी दुसरा पर्यायच नव्हता. त्या आगीचा फटका एरिक्सनने सुमारे ४० कोटी डॉलरचा सांगितला, आणि २००१ मध्ये तिचा मोबाइलचा धंदा सोनीबरोबरच्या भागीदारीत गेला. घसरणीची इतर कारणंही होती. पण ती आग दोघांसाठी सारखीच होती, हे विसरता येत नाही. नोकियाला वाचवलं ते राखीव निधीने नाही. आठवड्याभराचा उशीर म्हणजे नक्की काय, हे विचारायची सवय आणि पर्याय आधीच माहीत असणं, यांनी वाचवलं. ही सुरक्षा जवळजवळ फुकट असते. ती तुमच्या ३० टक्क्यांत कुठेच बसत नाही.

सगळीकडेच साठा करून ठेवा असं मात्र नाही. साठा कमीत कमी ठेवायचं तंत्र जगाला शिकवणाऱ्या टोयोटाने २०११ च्या भूकंपानंतर आपली पुरवठा साखळी खालपर्यंत तपासली आणि चिपसारख्या मोजक्या भागांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे ठेवायला लावला. बाकीच्या भागांसाठी जुनंच तंत्र चालू राहिलं. चिपटंचाईत टोयोटा इतरांपेक्षा जास्त काळ टिकली, तरी सप्टेंबर २०२१ मध्ये तिलाही नियोजित उत्पादन ४० टक्क्यांनी घटवावं लागलं. कुठलंही संरक्षण सगळ्यातून वाचवत नाही. ते वेळ मिळवून देतं.

आता तुमच्या समोरच्या निर्णयाकडे. ‘कारखाना उभारायचा की नाही’ हा प्रश्न मी असा विचारणारच नाही, कारण त्यात हो आणि नाही एवढीच उत्तरं बसतात. ग्राहकाला एवढी घाई आहे तर त्याच्याकडून काय मिळवता येईल? ठरावीक वर्षांसाठी किमान खरेदीची लेखी हमी, साच्यांच्या खर्चात वाटा, आगाऊ रक्कम, पैसे देण्याची मुदत करारात पक्की, आणि ऑर्डर मध्येच बंद केली तर भरपाई. या सगळ्याच गोष्टी मिळतील असं नाही. पण त्याला तुमची किती गरज आहे, ते या वाटाघाटीत कळेल. काहीच द्यायला तो तयार नसेल, तर दुप्पट मागणीची सगळी जोखीम तो तुमच्या माथी मारतोय, हे स्वच्छ समजून घ्या.

मग विस्ताराचे टप्पे पाडा. परत फिरता येईल अशा पायऱ्या आधी घ्याव्यात : जादा पाळी, भाड्याची जागा, काही कामं बाहेरून करून घेणं. यात दर नगामागचा खर्च वाढेल आणि विक्रीप्रमुख त्यावर बोट ठेवतील. त्यांना सांगा की हा वरचा खर्च म्हणजे मागणी खरी आहे की नाही हे पाहण्याची किंमत आहे. त्यानंतर जी यंत्रं घ्याल ती शक्यतो दुसऱ्या ग्राहकाचं कामही करू शकतील अशी घ्या. एकाच भागासाठी बनवलेलं यंत्र स्वस्तात माल काढतं, पण तो भाग बंद झाला की ते भंगार. मोठं कर्ज सर्वांत शेवटी, आणि ते उचलण्याच्या अटी आजच लिहून ठेवा. उदाहरणार्थ, सलग चार तिमाही ठरलेला माल उचलला गेला आणि या ग्राहकाचा विक्रीतला वाटा अमुक टक्क्यांच्या खाली आला, तरच पुढचा टप्पा. डोकं शांत असताना लिहिलेली अट उत्साहाच्या किंवा भीतीच्या दिवशी उपयोगी पडते. कर्जाच्या करारात बँक जी गुणोत्तरं (उदाहरणार्थ, नफ्याच्या किती पट कर्ज चालेल) पाळायला लावते, ती विक्री पाव हिश्श्याने घटली तरी पाळता येतील का, हे सही करण्याआधी तपासा. हप्ता वेळेवर भरूनही केवळ एखादं गुणोत्तर मोडल्यामुळे बँक कर्ज परत मागू शकते, हे अनेक संचालकांना करार हाती आल्यावरच कळतं.

राखीव निधीसाठी टक्केवारी सोडा, महिने मोजा. सर्वांत मोठा ग्राहक उद्या थांबला तर पगार, हप्ते आणि न टाळता येणारा खर्च किती महिने भागवता येईल? मायक्रोसॉफ्टच्या सुरुवातीच्या काळात बिल गेट्स यांचा आग्रह असे की कोणाकडूनही पैसे आले नाहीत तरी वर्षभराचे पगार देता येतील एवढी रक्कम बँकेत हवी. ज्या कंपनीने वाढीत कुठे हात आखडता घेतला नाही, तिची ही शिस्त होती. तुमच्यासाठी आकडा वेगळा असेल. नवा ग्राहक मिळवून त्याचा माल सुरू व्हायला तुमच्या धंद्यात जितका वेळ लागतो, तितके महिने, असं ठरवलं तर त्याला आधार राहील. त्यापेक्षा जास्त रोकड पडून असेल तर ती कामाला लावा, आणि हे वित्तप्रमुखांकडून आधीच लेखी मान्य करून घ्या.

ही पद्धत तुमच्यासारख्या इतरांनाही लागू पडेल, फक्त जोर बदलेल. ज्यांच्यावर आधीच मोठं कर्ज आहे, त्यांनी वाढीचा विचार करण्याआधी मुदती लांबवून घ्याव्यात. ज्यांच्याकडे भरपूर रोकड आणि थंड पडलेला धंदा आहे, त्यांची रेषा फार मागे आखलेली असते, ती पुढे सरकवावी. मंदीत काय करावं असं विचारणाऱ्यांसाठी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेलं हार्वर्डच्या अभ्यासकांचं संशोधन महत्त्वाचं आहे. त्यांनी तीन मंदींमधल्या ४,७०० कंपन्या तपासल्या. मंदीआधीपेक्षा जोमाने बाहेर पडलेल्या कंपन्या सुमारे ९ टक्केच होत्या. सरसकट कपात करणाऱ्या मागे पडल्या, बेधडक खर्च करणाऱ्याही मागे पडल्या. कामाची पद्धत सुधारून खर्च कमी करायचा आणि त्याच वेळी संशोधन, विक्री, यंत्रसामग्री यांत पैसा घालायचा, असं दोन्ही एकदम करणाऱ्यांची शक्यता सर्वांत चांगली होती.

राहिला ‘घाबरट’ हा शब्द. तुम्ही घाबरट आहात असं मला पत्रावरून वाटलं नाही. दोघंही रागावतील हे दिसत असूनही तुम्ही आकडा मांडलात. पण तो आकडा दोघांना खूश करायला शोधलेला होता, कंपनीला काय हवं यावरून काढलेला नव्हता, आणि तो बदलायला हवा. विक्रीप्रमुखांवर राग धरू नका. त्यांचा बोनस कशावर ठरतो ते मात्र बघा. फक्त वर्षाच्या विक्रीवर ठरत असेल तर ते असंच बोलणार. त्यात येण्यांची वसुली आणि नव्या ग्राहकांचा वाटा आणायची सूचना तुमच्या आराखड्यात असू द्या. तसंच वित्तप्रमुखांचं मूल्यमापन नुसत्या शिलकी रकमेवर होऊ नये.

पुढच्या बैठकीआधी दोघांनाही वेगवेगळं भेटा. विक्रीप्रमुखांना विचारा, ‘हा ग्राहक दोन वर्षांनी गेला तर त्या कारखान्यात आपण काय बनवू?’ वित्तप्रमुखांना विचारा, ‘कोणत्या अटी पूर्ण झाल्या तर तुम्ही स्वतःहून कर्जाला होकार द्याल?’ दोघांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मग रोकडीचा तो महिन्यागणिक तक्ता, कंपनी संपवू शकणाऱ्या चार-पाच गोष्टी आणि ही दोन उत्तरं, एवढंच मंडळासमोर ठेवा. मंजुरी मात्र फक्त पहिल्या टप्प्याची आणि ग्राहकाशी वाटाघाटी सुरू करण्याची मागा.